एकशे दहाची हवा

ट्रकच्या टायरमध्ये हवा किती भरायची हे टायरवरच लिहिलेलं असतं, असं ज्यांना वाटतं त्यांच्याशी मी आयुष्यभर भांडत आलो. टायरवरचा आकडा ही त्याची शेवटची हद्द. यापुढे गेलात तर मला बोल लावू नका, एवढंच तो सांगत असतो. खरी हवा ठरते मालावर. गाद्या, उशा, रिकामे डबे न्यायचे असतील तर पंचाण्णव पौंड पुरे. फरशा किंवा काच भरायची असेल तर एकशे दहा. कमी भरली तर टायर दबतो, दोन्ही कडांना झिजतो आणि आतून तापत जातो. जास्त भरली तर मधोमध झिजतो आणि प्रत्येक खड्ड्याचा दणका खातो. माझी बायको म्हणायची, एवढा विचार माझ्या तब्येतीचा केलात तर मी दोन वर्षं जास्त जगेन. तिला जाऊन पाच वर्षं झाली.

आमच्या यार्डात बत्तीस ट्रक आणि टायरवाला मी एकटा. लोक मला हवामास्तर म्हणत. नाव ठेवणाऱ्याने चेष्टेत ठेवलं होतं, मी ते मानाने मिरवलं. सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन, एकही चाक हललेलं नसताना, मी हवा बघायचो. कारण गाडी रस्त्यावर धावली की टायर तापतो, तापला की आतली हवा फुगते आणि गेज दहा-पंधरा पौंड जास्त दाखवतो. तो वाढलेला आकडा बघून जो हवा सोडतो त्याच्या अकलेची कीव करावी. म्हणून मी एक शिस्त लावली होती. थंड टायरची हवा मी मोजायची, टायरच्या अंगावर खडूने आकडा लिहायचा, आणि तो आकडा बघितल्याशिवाय कोणी गाडी फाटकाबाहेर काढायची नाही. दुसरी शिस्त अशी की बाहेरची हवा घ्यायची नाही. रस्त्यावरच्या पंपांचे गेज मी पाहिलेत. त्यातला एक खरं बोलत असेल तर नऊ थापा मारतात.

माझा गेज पितळी होता, काट्याचा. आधीच्या टायरवाल्याने निवृत्त होताना माझ्या हातात दिलेला. त्याला दुसऱ्या कुणी हात लावलेला मला खपत नसे. मॅनेजरने एकदा सहज उचलला तर मी त्याला म्हणालो, साहेब, दाढीचा ब्रश आणि गेज ज्याचा त्याने वापरावा. सगळे हसले, मॅनेजरही हसला आणि गेज खाली ठेवला. त्या दिवसापासून माझ्या शेडमध्ये येऊन गेजला हात लावायची कुणाची छाती झाली नाही. तेव्हा मला त्याचं फार कौतुक वाटलं होतं.

त्याच यार्डात माझा जावई ट्रक चालवायचा. नोकरी मीच लावून दिली होती. लेकीने त्याला स्वतः पसंत केलं आणि मला नंतर विचारलं, त्यामुळे माझ्या मनात पहिल्यापासून एक अढी होती, ती कधी गेली नाही. माणूस सरळ, कमी बोलणारा, ब्रेकवर हलका पाय ठेवणारा. गाडी अशी आणून लावायचा की जणू देव्हाऱ्यात मूर्ती ठेवतोय. पण सरळ माणूस दिसला की हा काहीतरी लपवतोय असं मला वाटतं, हा माझा जुना रोग. तोंडावर मी त्याला जावईबापू म्हणायचो, अहो-जाहो करायचो. मनात अरे-तुरे चालायचं.

दीड वर्षापूर्वी एका सकाळी त्याच्या गाडीत फरशा भरल्या होत्या. पूर्ण भार. दहाच्या दहा टायर मी स्वतः मोजले, मागच्या जोडचाकांत आतल्या टायरपर्यंत हात घालून. जोडचाकात आतला टायर दिसत नाही, म्हणून आळशी माणसं त्याला सोडून देतात. मी सोडत नाही. दहाही टायरवर खडूने एकशे दहा लिहिलं, तो खाली वाकून बघत एक फेरी मारून आला, मला मान हलवून निघाला.

दुपारी त्याचा फोन आला. मी डबा खात होतो. तो म्हणाला, "मामा, जेवायला पंपावर थांबलोय. गाडी जरा जड लागली म्हणून हवा बघितली. इथला गेज अठ्ठ्याण्णव दाखवतोय. सगळ्या टायरांना. भरून घेऊ का?"

आता माझं डोकं कसं चाललं ते सांगतो, कारण तिथेच सगळं आहे. सकाळी एकशे दहा भरलेली. पाच तास धावलेला, तापलेला टायर एकशे वीस-पंचवीस दाखवायला हवा. तापून आकडा वाढतो, कमी होत नाही. बरं, एखाद्या टायरला खिळा लागला असेल म्हणावं तर दहाही टायर सारखेच कमी. एवढं कधी घडत नाही. तेव्हा खोटा कोण, तर पंपाचा गेज. या हिशेबात कुठेही चूक नव्हती. आजही मी तो हिशेब पुन्हा मांडून बघतो आणि मला त्यात चूक सापडत नाही, फक्त पहिला आकडा सोडून.

मी त्याला म्हणालो, "दहा टायरमध्ये एकदम दहा खिळे घुसले का, जावईबापू? तो पंपाचा गेज भंगारात घालायला सांगा आणि निघा. माझ्या हवेत बाहेरची हवा घातलीत तर उद्यापासून खडूही तुम्हीच धरा."

तो "बरं मामा," म्हणाला आणि फोन ठेवला.

दोन तासांनी घाटाच्या उतारावर त्याच्या मागच्या डाव्या जोडचाकातला आतला टायर फुटला. आतला गेला की त्याचं ओझं बाहेरच्यावर पडतं, तोही मिनिटभरात गेला. गाडी एका अंगाला कलली आणि कडेच्या चरात जाऊन पडली. फरशांचा चुरा झाला. जावयाचं गळ्याजवळचं हाड मोडलं. दुसरं कुणी मध्ये सापडलं नाही, एवढंच नशीब.

दहा-बारा दिवसांनी मालकांच्या खोलीत चौकशी झाली. मालक, मॅनेजर, विम्याचा माणूस, मी आणि गळ्यात हात अडकवलेला जावई. टेबलाखाली पोत्यात फुटलेल्या टायरचे तुकडे आणून ठेवले होते. मी ते उलटेपालटे करून पाहिले. दोन्ही कडा झिजलेल्या. आतून रबर जळून भुगा झालेला. हे फक्त दोन कारणांनी होतं. हवा कमी असेल तर, नाहीतर वजन जास्त असेल तर. टायरला त्यातला फरक कळत नाही, त्याला दबायचं तेवढं माहीत. माणसाने ठरवायचं असतं की दोन्हींतलं कोणतं. आणि तिथे ठरवणारा माणूस मी होतो.

विम्याच्या माणसाने विचारलं, सकाळी हवा किती होती. मी म्हणालो, एकशे दहा, माझ्या हाताने. मॅनेजरने मान डोलवली. हवामास्तरांची हवा, तो म्हणाला, त्यात बघायला नको. मग त्यांनी जावयाला विचारलं, वाटेत काही जाणवलं होतं का, हवा कमी वाटली होती का. जावयाने माझ्याकडे बघितलं. मला वाटलं आता हा फोनचं काढणार, आणि मी उत्तर तयारच ठेवलं होतं. पण तो म्हणाला, "नाही. काही जाणवलं नाही."

मी मनात म्हटलं, खाई त्याला खवखवे. फोनचं हा का लपवतोय? तर वाटेत कुणाचा तरी जादा माल घेतला असणार, गाडी दबलेली दिसली असणार, म्हणून घाबरून हवेचं विचारलं असणार. असं काही ड्रायव्हर करतात, यार्डात सगळ्यांना माहीत होतं. वजनकाट्याची चिठ्ठी बरोबर होती, पण काटा पहिल्या गावात, पुढे कोण बघतं. माल तर चुरा होऊन पडलेला, मोजायचा कसा. सगळं जुळत गेलं. मी सर्वांसमोर म्हणालो, "हवा बरोबर होती. म्हणजे वजन बरोबर नव्हतं. नात्यापेक्षा मी खरं बघतो."

हे शेवटचं वाक्य मी का बोललो? तर नातेवाईक आहे म्हणून पाठीशी घातलं असं कोणी म्हणू नये म्हणून. खोलीत सगळ्यांना ते आवडलं. मालक मला बाहेर सोडायला दारापर्यंत आले. एवढा मान माझ्या लग्नातही मला मिळाला नव्हता.

जावई खुर्चीवरून उठताना फक्त एवढं म्हणाला, की मामा, मी जादा माल घेतला नाही. मी त्याच्याकडे न बघता म्हणालो, ठीक आहे, झालं ते झालं.

त्याला काढलं. यार्डातल्या लोकांचे एकमेकांना फोन असतात, कुणीही नवा ड्रायव्हर घेताना आधीच्या ठिकाणी विचारतो. चोरून माल नेणारा, असं एकदा कानावर गेलं की पोटच्या पोरालाही कोणी गाडी देत नाही. सहा-सात ठिकाणी फिरून तो शेवटी एका मोठ्या दुकानाच्या वाहनतळावर फाटक वर-खाली करायच्या कामाला लागला. ज्याने दहा चाकी ट्रक घाटातून लोण्यातून सुरीसारखा नेला, तो दिवसभर लोकांच्या मोटारींसाठी दांडा उचलायचा. लेक एका शिवणकामाच्या कारखान्यात जाऊ लागली. माझ्याकडे येणं कमी झालं तिचं. आली तरी बसायची नाही. एकदा मी विचारलं, कसं चाललंय. ती म्हणाली, चाललंय, आम्ही दोघांनी मिळून ठरवलंय की चूक कुणाची नव्हती, टायर होता, फुटला. मी मनात म्हटलं, पदराखाली घेते बिचारी नवऱ्याला.

गेल्या महिन्यात मालकांनी टायरची कंपनी बदलली. आमचे टायर फार लवकर कडांना झिजतात अशी त्यांची तक्रार होती, आणि मी गेलं वर्षभर सांगत होतो की ड्रायव्हर जादा भरतात आणि कंपनी रबरात माती घालते. नव्या कंपनीने एक मुलगी पाठवली. असेल पंचवीस वर्षांची. तिच्याकडे एका पेटीत सील केलेला गेज होता. ती म्हणाली, टायर बसवायच्या आधी यार्डातले सगळे गेज मला याच्यावर लावून बघायचे आहेत. मी म्हणालो, सगळे म्हणजे एकच आहे, आणि तो तुमच्या जन्माआधीचा आहे. ती हसली. काका, म्हणूनच बघायचा, म्हणाली.

तिने एकाच टायरला आधी माझा गेज लावला. एकशे दहा. मग तिचा लावला. सत्त्याऐंशी.

मी म्हणालो, पुन्हा लावा. तिने पुन्हा लावला. दुसऱ्या टायरला, तिसऱ्या टायरला. माझा गेज प्रत्येक वेळी बावीस-तेवीस पौंड जास्त बोलत होता. मी तिला म्हणालो, तुमचाच खोटा असेल. तिने पेटीतून दुसरा सील केलेला गेज काढला. तोही सत्त्याऐंशी म्हणाला. दोन अनोळखी गेज एकमेकांशी जुळत होते आणि माझा त्यांच्यात बसत नव्हता.

आता लपवून काय करू. त्या अपघाताच्या सहा-सात महिने आधी तो गेज माझ्या हातून काँक्रीटवर पडला होता. काच तडकली, आणि काटा शून्याच्या पुढे जाऊन थांबला. मी मागचा स्क्रू काढला, काटा उपसला आणि शून्यावर नेऊन बसवला. काटा शून्यावर आला म्हणजे गेज बरा झाला, असं मी धरलं; आतली स्प्रिंग ढिली झालेली बाहेरून दिसत नाही. ताडून बघायला दुसरा गेज मी कधी ठेवलाच नव्हता, ठेवू दिला नव्हता. मग हातोडीने दोन-चार टायर ठोकून पाहिले, आवाज बरोबर वाटला. तीस वर्षांचा कान आहे, म्हटलं. काच बदलून आणली आणि कुणाला बोललो नाही.

म्हणजे त्या सकाळी दहा टायरमध्ये एकशे दहा नव्हतीच. नव्वदही नव्हती. पाच तास तापून ती अठ्ठ्याण्णव झाली, आणि त्या भंगारातल्या पंपाच्या गेजने ती बरोबर सांगितली. बाकीच्या गाड्या गाद्या-उशा नेत होत्या म्हणून वाचल्या, नुसत्या कडा झिजवून घेतल्या. बत्तीस गाड्यांच्या कडा वर्षभर माझ्याकडे बघून सांगत होत्या. नव्या पोरांना मीच शिकवायचो, दोन्ही कडा झिजल्या की आधी हवा बघ.

मी तडक मालकांकडे गेलो. सगळं सांगितलं, फोनसकट. म्हणालो, त्याला परत घ्या, आणि जिथे जिथे त्याचं नाव खराब झालं तिथे मी स्वतः जाऊन सांगतो. मालकांनी उठून दार लावून घेतलं. मग शांतपणे म्हणाले, "हवा आपल्याकडून कमी गेली असं मी कागदावर मान्य केलं, तर विमावाला सगळा पैसा परत मागेल. तुम्ही काही बोलला नाहीत, मी काही ऐकलं नाही. नवा गेज मागवलाय, तो वापरा." मी म्हणालो, त्या माणसाचं काय. ते म्हणाले, काम करतोय ना कुठेतरी.

चौकशीत मी त्यांच्या सोयीचं बोललो तेव्हा ते मला दारापर्यंत सोडायला आले होते. आता मला त्यांच्यावर रागावायचा हक्क कुठे होता? कुंपणानेच शेत खाल्लं होतं, आणि कुंपण मीच होतो.

रविवारी दुपारी लेकीकडे गेलो. चौथा मजला, दोन खोल्या. दोन्ही घरी होते. खिडकीशी शिलाईचं मशीन, त्यावर लेक कुणाच्या तरी पडद्यांना किनार घालत होती. जावई तिला कापड धरून देत होता. दोघं काहीतरी बोलत होते आणि जावई हसत होता. मी दारात उभा राहून ते ऐकलं. घर गरीब झालं होतं, पण मोडलं नव्हतं, हे मला तेव्हा दिसलं होतं. तरी मी आत गेलो.

लेकीने चहा ठेवला. मी चहा यायच्या आधीच सुरुवात केली, कारण नंतर धीर झाला नसता. गेज पडला ते, काटा बसवला ते, सील केलेल्या गेजने काय सांगितलं ते. म्हणालो, मी तुमचा गुन्हेगार आहे, जावईबापू. पाया पडायला वाकलो तर त्याने मला धरून सरळ केलं आणि खुर्चीत बसवलं.

तो म्हणाला, "म्हणजे पंपाचा गेज बरोबर होता."

"हो."

"मी तेव्हा हवा भरून घेतली असती तर काही झालं नसतं."

"नसतं झालं."

मला वाटलं होतं तो ओरडेल, मला घराबाहेर काढेल. त्याची मी तयारी करून आलो होतो. खरं सांगायचं तर मला तेच हवं होतं. पण तो माझ्याकडे बघतच नव्हता. तो लेकीकडे बघत होता. ती कपबशा हातात घेऊन ओट्याजवळ उभी होती.

"ऐकलंस?" तो तिला म्हणाला.

मला काही समजेना. मग तो मला सांगू लागला, आवाज न चढवता. "दवाखान्यात मी हिला म्हणालो होतो, चौकशीत फोनचं सांगतो. मामांना विचारून निघालो होतो म्हणून सांगतो. हिने माझा हात धरला. म्हणाली, बाबांची हवा चुकत नाही, पंपाचाच गेज खोटा असणार. फोनचं काढलंत तर उगाच बाबांवर येईल, मालक त्यांना घरी बसवतील. आई गेल्यापासून त्यांना त्या यार्डाशिवाय आहे काय? तुम्ही तरणे आहात, तुम्हाला दुसरी गाडी मिळेल." त्याने मशीनवरचं कापड बाजूला सारलं. "मी म्हटलं, ठीक आहे. बाबांची हवा चुकत नाही म्हणतेय, तर नसेल चुकत. टायर होता, फुटला. दीड वर्ष मी तेच धरून बसलो."

तो चौकशीत का गप्प बसला ते मला आता कळलं. तो मला वाचवत होता, आणि मी त्याच्या गप्प बसण्यावरून त्याला चोर ठरवलं होतं.

जावयाने मला एकच विचारलं. "मामा, मी जादा माल घेतला असं तुम्हाला खरंच वाटलं होतं? की तुमची बाजू सांभाळायला बोललात?"

दोन्ही उत्तरं वाईट होती. मी खरं सांगायला आलो होतो, म्हणून खरं सांगितलं. "खरंच वाटलं होतं."

त्याने मान हलवली. पायांत चपला घातल्या, दार हळूच लोटून घेतलं आणि जिना उतरून गेला. रागावलेल्या माणसाचे पाय जिन्यावर वाजतात. त्याचे वाजले नाहीत.

मी लेकीला म्हणालो, सगळ्या यार्डांत जातो, मालकाचं नाव घेऊन सांगतो, नोकरी गेली तर गेली. तिने कपबशा ओट्यावर ठेवल्या. ती रडत नव्हती. म्हणाली, "बाबा, हे त्या खोलीत सांगायचं होतं, त्या तिघांसमोर. इथे कशाला आलात?"

मी म्हणालो, तेव्हा मला माहीत नव्हतं.

"तेव्हा नव्हतं माहीत. आता झालं. मग जाऊन त्यांना सांगा, जगाला सांगा. ह्यांना कशाला? ह्यांच्या मनात दीड वर्ष मी एकच गोष्ट बसवत होते, की कुणाचं काही चुकलं नाही. त्यावर आम्ही दोघं उभे होतो. आता ह्यांना कळलं की ह्यांचं बरोबर होतं, आणि मी ह्यांना गप्प बसवलं. तुमच्यासाठी."

मी म्हणालो, मला सांगितल्याशिवाय राहवेना, पोरी. मनावर फार ओझं झालं होतं.

"झालं ना हलकं?" ती म्हणाली. "मग या आता."

चहा तसाच राहिला. मी खाली आलो. जावई कुठे दिसला नाही. वाहनतळावर जाऊन बघावं असं वाटलं, पण रविवारी त्याची सुट्टी असायची.

पुढच्या आठवड्यात मी चार यार्डांत गेलो. पहिल्या ठिकाणी म्हणाले, आता सासरा जावयासाठी रदबदली करायला आला. दुसऱ्या ठिकाणी म्हणाले, मास्तर, दीड वर्षापूर्वी तुम्हीच मान उंच करून सांगितलं होतं, नात्यापेक्षा खरं बघतो म्हणून, त्यातलं खरं कोणतं. तिसऱ्याने चहा पाजला आणि विषय बदलला. चौथ्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, पाठवा त्याला, बघू. मी धावत लेकीला फोन केला. ती म्हणाली, सांगते. संध्याकाळी तिचाच फोन आला. म्हणाली, हे म्हणतात, मला कुणाच्या सांगण्यावर गाडी नको.

आमच्या मालकांना हे कळलंच. त्यांनी मला बोलावलं नाही, काही म्हणाले नाहीत. दुसऱ्या दिवशी माझ्या शेडमध्ये एक नवा माणूस कॉम्प्रेसर सुरू करून उभा होता. मॅनेजर म्हणाला, तुम्ही आता आराम करा मास्तर, वय झालं. ज्यासाठी लेकीने नवऱ्याला गप्प बसवलं, ती नोकरीही गेली. तेलही गेलं आणि तूपही. एक मात्र सांगतो, नोकरी गेल्याचं मला फारसं वाईट वाटलं नाही. जेवढं वाईट वाटायचं तेवढं आधीच वाटून झालं होतं.

त्यानंतर चार दिवसांनी, संध्याकाळच्या वेळी, दार वाजलं. लेक होती, हातात बॅग घेऊन.

भांडण झालं का, मी विचारलं. नाही म्हणाली. मारलं? नाही. जा म्हणाले? नाही.

"काही बोलतच नाहीत," ती म्हणाली. "उठतात, जेवतात, आपलं ताट आपण धुतात, कामावर जातात. माझ्यावर रागावलेत असंही दिसत नाही. आज मी म्हटलं, थोडे दिवस बाबांकडे जाऊन येते. तर म्हणाले, तिथून तू आलीसच कधी?"

मी तिच्या हातातली बॅग घेतली. मला काय वाटायला हवं होतं ते मला ठाऊक आहे. पण मनात पहिल्यांदा जे आलं ते असं होतं, की आता सकाळी यार्डही नाही, दिवसभर हे घर खायला उठतं, आणि आजपासून घरात कोणीतरी असेल. मला बरं वाटलं. क्षणभरच, पण वाटलं.

लेकीने माझ्या तोंडाकडे बघितलं. मग माझ्या हातातली बॅग काढून घेतली आणि स्वतःच उचलून आत गेली.